चाकांवरचं घर काट्यावर!

मुलांनो, गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते ना? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही तशीच सफर केली! झोपायला बाकं, छोटासा ओटा, पाण्याची टाकी, सगळं गाडीतच. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आखलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याही कानावर पडू लागला.

बेत होता साताऱ्याहून वाई, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. आदल्या संध्याकाळी सामान भरून झालं, तसे ड्रायव्हरकाका म्हणाले, "बसा सगळे. आधी काट्यावर जाऊ." उसाचे ट्रक तोलतात, त्या वजनकाट्यावर! माझ्या भाच्याला तर हसूच आवरेना.

काकांनी आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. पुढे सगळं ठीक होतं. मागच्या दोन चाकांवर मात्र मिळून भार भरला २,५४० किलो. म्हणजे एका चाकावर किती? बरोबर, १,२७०! काकांनी टायरच्या बाजूवर छापलेला ११६ हा आकडा दाखवला. त्याचा अर्थ, या टायरने जास्तीत जास्त १,२५० किलो पेलायचे.

"मग जास्त हवा भरा की!" भाचा म्हणाला.

"दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास म्हणून तू धान्याचं पोतं उचलशील का रे?" काका हसले. "टायरची मर्यादा ती मर्यादा. हवा भरून ती वाढत नाही."

आता काय उतरवायचं? वहिनी फराळाचे डबे सोडेना, भाचा बॅट सोडेना. एवढ्यात त्यालाच सुचलं, "काका, पाण्याची टाकी मागेच आहे ना? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो!" झालं! शेजारच्या कडुलिंबाला पोटभर पाणी मिळालं आणि पुन्हा तोलल्यावर काटा २,४४० वर आला. पाणी काय, पाचगणीतही मिळणार होतं.

सकाळी निघण्याआधी, टायर थंड असतानाच काकांनी हवा भरली. टायर कंपनीच्या तक्त्यात जेवढ्या भाराला जेवढे पौंड लिहिले होते, तेवढीच. हवा कमी पडली, तर टायरच्या बाजू सारख्या दबतात, तापतात आणि टायर फुटू शकतो. जास्त झाली, तर टायरचा मधला भागच रस्त्याला टेकतो, पकड कमी होते.

मग लागला पसरणीचा घाट. वळणावळणाने वर चढताना खाली वाई लहान लहान होत गेली, धोम धरणाचं पाणी चमकू लागलं. पाचगणीला टेबल लँडच्या पायथ्याशी थांबलो, तर भाच्याने गेज लावून पाहिलं. हवा वाढलेली! "काढू का थोडी?"

"मुळीच नाही," काका म्हणाले. "चालून टायर तापतो, आतली हवा तापते, म्हणून दाब वाढतो. आत्ता काढलीस, तर थंड झाल्यावर कमी पडेल."

टेबल लँडच्या जांभ्या दगडाच्या त्या सपाट पठारावर बॅट मात्र मनसोक्त चालली!

तुम्ही मित्राला सायकलवर डबलसीट घ्याल, तेव्हा मागच्या टायरकडे जरूर बघा. तो किती दबतो? आणि का? शोधा बरं!