अकराव्या फेरीतला वैमानिक

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टला आता सात फेऱ्या असतात. मी नोकरीसाठी डॅलसच्या उत्तरेला, रिचर्डसनला येऊन पडलो तेव्हा बारा होत्या. पहिल्या फेरीत कोण कुठे गेलं ते टीव्हीवर दिसायचं. बाकीचं सगळं पेपरात, बारीक टायपात. शहरात तेव्हा दोन पेपर होते, मॉर्निंग न्यूज आणि टाइम्स हेराल्ड. आमच्या ऑफिसातला एक म्हातारा टेक्सन दोन्ही विकत घ्यायचा आणि डॅलस काउबॉइजची यादी खालून वर वाचत जायचा. पहिल्या फेरीतला खेळाडू कुणीही शेंबडं पोर निवडील, असं त्याचं ठाम मत. संघाची अक्कल बघायची तर तळाला बघा.

या खेळाशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलेजात खेळून बाहेर पडणारी मुलं व्यावसायिक संघांनी वर्षातून एकदा पाळीपाळीने वाटून घ्यायची, हा ड्राफ्ट. गेल्या मोसमात जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळीचा नंबर. या नंबराला सगळे ‘पिक’ म्हणतात. पिक दुसऱ्या संघाला देता येतं, दोन देऊन एक घेता येतं, पुढच्या वर्षांचंसुद्धा आजच देऊन टाकता येतं. आपली पाळी येईपर्यंत हवा तो मुलगा उरेल की नाही, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

१९८८ च्या एप्रिलमध्ये काउबॉइजच्या यादीच्या तळाशी, अकराव्या फेरीत, चॅड हेनिंग्ज हे नाव होतं. गुणवत्तेत हा मुलगा तळाचा मुळीच नव्हता. त्याच्या आदल्याच मोसमात देशातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी त्याने जिंकली होती. अडचण एकच. तो हवाई दलाच्या अकादमीचा विद्यार्थी. शिक्षण फुकट, पण नंतरची कित्येक वर्षं सरकारची. म्हणजे निवडला तरी हाती काही नाही. सगळ्या संघांनी दहा-दहा फेऱ्या त्याला सोडून दिलं. काउबॉइजनी नाव टाकून ठेवलं.

हेनिंग्ज ए-१० जातीचं लढाऊ विमान चालवायला शिकला. आखाती युद्ध संपल्यावर उत्तर इराकमधल्या निर्वासितांना मदत पोचवण्याच्या मोहिमेत त्याने उड्डाणं केली. पुढे सैन्यकपातीत त्याला मुदतीआधी मोकळीक मिळाली आणि १९९२ मध्ये तो डॅलसला हजर झाला. त्याच मोसमाअखेर संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन. तिन्ही विजेत्या संघांत हेनिंग्ज होता.

म्हाताऱ्याला याचं नवल वाटलं नाही. हा धंदा आमचा जुना, म्हणायचा, आणि मग १९६४ च्या ड्राफ्टची कथा सुरू व्हायची. ऑफिसात नवा माणूस आला की त्याची सुटका नसे.

त्या ड्राफ्टला नाव १९६४ चं, पण तो झाला २ डिसेंबर १९६३ ला, शिकागोत. डॅलसमध्ये केनेडींची हत्या होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. अमेरिकेत तेव्हा फुटबॉलच्या दोन लीग एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, जुनी एनएफएल आणि नवी एएफएल. दोघींचे ड्राफ्ट वेगळे, मुलं मात्र तीच. त्यामुळे आपण निवडलेला मुलगा आपल्याकडे येईलच याची खात्री नाही. काउबॉइजनी पहिल्या फेरीत स्कॉट ॲपलटनला निवडलं ते पिट्सबर्गसाठी. त्याच्या बदल्यात पिट्सबर्गकडून बडी डायल हा तयार खेळाडू घेतला. ॲपलटनने सही केली ती एएफएलच्या ह्यूस्टनशी. पिट्सबर्गच्या हाती धुपाटणं. मुलं पळवू नयेत म्हणून एनएफएलचे लोक त्यांना ड्राफ्टपर्यंत हॉटेलांत दडवून ठेवत. ओटिस टेलर या खेळाडूला असंच डॅलसच्या एका उपनगरातल्या मोटेलात ठेवलं होतं. एएफएलच्या कॅन्सस सिटीचा माणूस तिथे पोचला आणि टेलर रात्री खिडकीतून उतरून त्याच्याबरोबर निघून गेला. दोन्ही लीगचा एकत्र ड्राफ्ट १९६७ पासून सुरू झाला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

अशा धामधुमीत काउबॉइजनी त्या दिवशी काय केलं? दुसऱ्या फेरीत मेल रेन्फ्रो, ज्याच्या हाताला नुकतीच दुखापत झाल्याने बाकीचे बिचकत होते. सातव्या फेरीत बॉब हेज, फुटबॉलपटू म्हणून कच्चा, पण धावण्यात विलक्षण. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. आणि दहाव्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, रॉजर स्टॉबाक. त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी त्याची, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान. तरी दहावी फेरी, कारण तो नौदलाच्या अकादमीत होता. कॉलेजचं वर्ष शिल्लक, त्यानंतर नौदलाची चार वर्षं, त्यात व्हिएतनाम. संघात तो आला १९६९ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. काउबॉइजचे पहिले दोन्ही सुपर बोल त्याच्या नावावर आहेत. रेन्फ्रो, हेज, स्टॉबाक, तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

या कथेतला आपला माणूस मला बराच उशिरा सापडला. काउबॉइजचे टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट यांना खेळाडूंची पारख संगणकाकडून करून घ्यायची होती, साठच्या दशकाच्या सुरुवातीला! त्यासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतला जो संख्याशास्त्रज्ञ त्यांना मिळाला, त्याचं नाव सलाम कुरेशी. जन्म भारतातला. क्रिकेट ठाऊक, अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही. खेळाडू शोधत हिंडणारे संघाचे लोक काय काय बघतात हे त्याने विचारून घेतलं, शेकडो गोष्टींची छाननी केली आणि शेवटी मोजण्याजोग्या पाच उरवल्या: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, बुद्धीची तल्लखी, ताकद. टेक्सासमधल्या गावोगावच्या फुटबॉल मास्तरांच्या गप्पांना आकड्यांत बसवणारा भारतीय माणूस! डॅलसमधल्या आपल्या मंडळींना हे नाव सांगितलं की कुणी ओळखत नाही. आमच्यातले निम्मे जण आजही दिवसभर तेच काम करतात, फक्त बँकांसाठी.

तेव्हा आकडेमोडीने खेळाचा आत्मा गेला वगैरे रडगाणं निदान काउबॉइजच्या चाहत्याने गाऊ नये. आकडे आमच्याच अंगणात उगवले. आणि जुन्या कथांमध्ये फसलेली नावं नसतात, हेही खरं. १९७९ मध्ये तिसऱ्या फेरीत पाळी आली तेव्हा संघाच्या पसंतीक्रमाच्या फळ्यावर सर्वांत वर जो मोंटाना या क्वार्टरबॅकचं नाव होतं. आपल्याकडे स्टॉबाक आहे, मोंटाना कशाला, म्हणून त्यांनी डग कॉस्बीला घेतलं. तो मोसम संपला आणि स्टॉबाक निवृत्त झाला. मोंटाना गेला सॅन फ्रान्सिस्कोला, आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यानेच शेवटच्या मिनिटात आम्हाला सुपर बोलच्या दारातून परत पाठवलं. म्हातारा हा किस्सा सांगत नसे. तो मला दुसऱ्यांकडून कळला.

तरीही तेव्हाच्या अनिश्चिततेची चव वेगळी होती. प्रश्न असायचा माणसाबद्दल. येईल का? कधी येईल? आल्यावर पाय पूर्वीसारखे चालतील का? १९८५ मध्ये काउबॉइजनी पाचव्या फेरीत हर्शेल वॉकरचं नाव घेतलं, तेव्हा तो यूएसएफएल या तिसऱ्याच लीगमध्ये बांधलेला होता. पुढच्या वर्षी ती लीग बुडाली आणि वॉकर चालत डॅलसला आला.

याच वॉकरपासून दुसरा जमाना सुरू झाला. १९८९ मध्ये जेरी जोन्सनी संघ विकत घेतला, प्रशिक्षक टॉम लँड्रींना काढलं, त्यांच्या जागी जिमी जॉन्सनला आणलं. त्या मोसमात संघाने सोळातला एक सामना जिंकला. संघात एकच माणूस असा, ज्याची बाजारात किंमत होती. ऑक्टोबरमध्ये जॉन्सनने वॉकरला मिनेसोटाला दिलं आणि बदल्यात पाच खेळाडू घेतले. प्रत्येक खेळाडूच्या मागे एक अट होती: ठरल्या तारखेआधी याला डॅलसने सोडून दिलं, तर त्याच्याऐवजी मिनेसोटाचं पिक डॅलसला. मिनेसोटाला वाटलं, हे खेळाडू ठेवून घेतील. जॉन्सनला हवी होती ती पिक्सच. माणसाची वाट बघणारा संघ आता कागदाची वाट बघू लागला.

त्यातही डाव सरळ पडले नाहीत. त्याच उन्हाळ्यात जॉन्सनने पूरक ड्राफ्टमधून स्टीव्ह वॉल्श घेतला होता, आणि त्याची किंमत म्हणून १९९० चं पहिल्या फेरीचं आपलं पिक गमावलं होतं. एकच सामना जिंकल्यामुळे ते पिक अख्ख्या ड्राफ्टमधलं पहिलं ठरलं असतं! मग मिनेसोटाकडून आलेल्या एकविसाव्या नंबरावर भागवणं आलं. हवा होता जेम्स फ्रान्सिस. त्याला सिनसिनाटीने बाराव्या नंबरावर उचललं. तेव्हा जॉन्सनने तिसऱ्या फेरीतलं एक पिक पिट्सबर्गला देऊन एकविसावरून सतरावर उडी घेतली आणि एमिट स्मिथ घेतला. पदवी पूर्ण न करता आलेल्या मुलांना सरसकट दार उघडलं ते त्याच वर्षी, नाहीतर स्मिथ यादीतच नसता. पुढे चेंडू घेऊन धावण्याचा लीगचा विक्रम त्याने केला, १८,३५५ यार्ड. फ्रान्सिस उरला असता तर? मी या प्रश्नावर कैक पार्ट्यांमध्ये लोकांना पळवून लावलं आहे.

१९९१ मध्ये जोन्सचे भागीदार माइक मकॉय यांनी प्रत्येक पिकला गुण देणारा तक्ता केला. पहिल्याला ३०००, सोळाव्याला १०००, पुढे उतरत उतरत. समोरचा संघ फोनवर भाव सांगतोय तोवर इकडे बेरीज तयार. बघता बघता हा तक्ता, किंवा त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या, सगळ्याच संघांकडे गेल्या. फायदा संपला, पद्धत राहिली. १९९४ पासून फेऱ्या सातच आहेत. अकराव्या फेरीची जागा आता फोनने घेतली आहे. शेवटचं नाव पुकारलं की उरलेल्या मुलांना संघ घाईघाईने फोन लावतात. टोनी रोमो २००३ मध्ये असाच आला आणि वर्षानुवर्षं आमचा क्वार्टरबॅक होता.

आता आमच्या घरात ड्राफ्ट जानेवारीतच सुरू होतो. मुलगा सोफ्यावर पडून फोनवर खोटे ड्राफ्ट चालवतो. सगळ्या संघांच्या पाळ्या यंत्र खेळतं, काउबॉइजची पाळी तो.

“बाबा, खाली सरकून दोन पिक्स मिळतायत, घेऊ?”

“आधी कोण उरलंय ते बघ.”

“उरतील हो. ८३ टक्के.”

हे ८३ टक्के कुठून येतात ते मी विचारत नाही. २०२१ मध्ये काउबॉइजना दहाव्या नंबरावर कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, हवा होता. हॉर्न आणि सर्टन हे हवे असलेले दोघेही आठव्या आणि नवव्या नंबरावर गेले, लागोपाठ. मग आमच्या संघाने कट्टर वैरी फिलाडेल्फियाशी सौदा केला, दोन पायऱ्या उतरून बाराव्याला मायका पार्सन्स घेतला, आणि तो पहिल्या वर्षापासून लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंत गेला. २०१६ मध्येही तेच. पॅक्सटन लिंच या क्वार्टरबॅकसाठी वर सरकायचा प्रयत्न फसला, कॉनर कुक डोळ्यांदेखत दुसरीकडे गेला, आणि चौथ्या फेरीत, १३५ व्या नंबरावर, डॅक प्रेस्कॉट नाइलाजाने मिळाला. इतकी वर्षं तोच संघ चालवतोय. टक्केवारीवाल्यांनी यावर जरा बोलावं.

गुप्तता तर पार लयाला गेली. २०१० मध्ये जोन्सच्या पाठीमागचा फळा एका फोटोत आला, आणि चाहत्यांनी तो मोठा करून करून त्यावरची नावं वाचून काढली. कोरोनाच्या वर्षी तेच जोन्स आपल्या आलिशान बोटीवर बसून निवड करताना सगळ्या देशाने पाहिले. कॉलेजांत आता मुलांना जाहिरातींचे पैसे मिळतात, म्हणून यायला हवा असलेला मुलगा अचानक आणखी वर्षभर कॉलेजातच थांबतो. म्हणजे येईल की नाही हा प्रश्न परत आलाच, फक्त नौदलाच्या जागी बुटांची कंपनी.

मुलाशी माझं खरं भांडण मात्र पार्सन्सवरून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जोन्सनी त्याला ग्रीन बेला दिलं. बदल्यात केनी क्लार्क हा खेळाडू आणि २०२६ व २०२७ ची पहिल्या फेरीची पिक्स. मुलाने तक्त्यावर बेरीज करून सौदा वाईट नाही असं ठरवलं. मी म्हटलं, ग्रीन बे चांगलं खेळलं तर पिक तळाचं येईल, आणि पार्सन्स असल्यावर ते चांगलंच खेळणार. नोव्हेंबरमध्ये काउबॉइजनी क्विनन विल्यम्स या खेळाडूसाठी २०२७ मधलं एक पहिल्या फेरीचं पिक न्यूयॉर्क जेट्सला देऊनही टाकलं. ज्याला कुणी पाहिलेलं नाही, ज्याचा नंबर ठरलेला नाही, असा कॉलेजात कुठेतरी शिकणारा मुलगा तोवर दोन हातांतून फिरून गेला होता.

त्याआधी सप्टेंबरात डॅलसचा ग्रीन बेशी सामना झाला, चाळीस-चाळीस, बरोबरीत. पिकच्या हिशोबाने हे चांगलं की वाईट, यावर घरात दोन दिवस वाद चालला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोन सामने बघतो. एकात काउबॉइज जिंकावेत म्हणून ओरडतो आणि दुसऱ्यात ग्रीन बे हरावं म्हणून. बायको म्हणते, निदान दुसऱ्याचं वाईट चिंतताना तरी आवाज कमी ठेवा.