उलाळ गाडी

बैलगाडी हाकणाऱ्यांना ‘उलाळ’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मागे माल जास्त झाला की धुरा वर उठते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याचे पट्टे आवळतात. बंगळुरूत जुन्या बोलेरो कॅम्परला किंवा टाटा 207 ला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडू पाहणारा मात्र पहिल्यांदा इंजिनाबद्दल विचारतो: ओढेल ना? ओढेल की. सपाट रस्त्यावर 700 किलो ओढायला फार ताकद लागत नाही. माझ्या मते खरी विचारपूस करायची ती हुकवर किती किलो बसलेत याची, आणि हा सगळा लवाजमा थांबवणार कोण याची.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर असावा, म्हणजे 700 ला 70 किलो. त्याहून बराच कमी असला की गाडी उलाळ झाली समजा. इथे गळा आवळत नाही, शेपूट हलायला लागतं. म्हैसूर रस्त्यावर शेजारून व्होल्वो बस गेली की तिच्या हवेच्या झोताने ट्रेलर डोलतो, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. अशा वेळी नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. पिकअपचा ब्रेक दाबला तर मागचा ट्रेलर आणखीच अंगावर येतो. उलट हुकवर वाजवीपेक्षा जास्त भारही नको. हुक मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे आणि दोन आसांत तीन मीटर अंतर धरलं, तर 70 किलोंमुळे पुढची चाकं 29 किलोंनी हलकी होतात. थकलेल्या कमानपाट्यांची गाडी मागे बसते आणि स्टिअरिंग हलकं लागतं. एकूण वजन ट्रकच्या वजनकाट्यावर करावं, पण हुकवरच्या भारासाठी घरातला माणसं तोलायचा काटाच बरा: त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरची मान, ट्रेलर जमिनीशी समांतर. पाच मिनिटांचं काम.

कोणी म्हणेल, कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतो, तिथे कोण काटा लावतं? खरं आहे, पण तो पिकअपपेक्षा बराच हळू जातो, आणि हे डोलणं वेगाचं दुखणं आहे. (त्या ट्रॉल्या उलटतात, ते वेगळंच.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पिकअप हौद्यात टनभर माल नेते, मग ट्रेलरचं कौतुक कशाला? हौद्यातला माल मागच्या चाकांना रस्त्यावर दाबून धरतो. बिनब्रेकचा ट्रेलर ब्रेक लागताच नुसता ढकलतो. युरोपात 750 किलोंपर्यंतचा ट्रेलर बिनब्रेकचा चालतो हेही सांगितलं जातं. पण ब्रिटनमध्ये त्यासोबत ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाची अट आहे, हे सोडून दिलं जातं.

शिवाय आपण राहतो समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर. पश्चिम किनाऱ्याला जायचं तर सकलेशपूरपुढच्या शिराडीसारखा घाट उतरावाच लागतो. गाडी आणि ट्रेलर मिळून 2,600 किलो, उतार 700 मीटर धरला, तर जिरवायची ऊर्जा 50 लिटरहून जास्त पाणी उकळीला आणेल एवढी. हवा आणि टायर थोडी खातात. बाकीची इंजिनाने जिरवली नाही तर ब्रेकच्या डिस्क आणि ड्रमना सोसावी लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, पाणी मुरलेल्याचा 140 पर्यंत उतरतो. मग पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्यातच उतरावा, निघण्यापूर्वी ऑइल बदलावं, आणि ट्रेलरला ढकल बसताच आपोआप लागणारे स्वतःचे ब्रेक असावेत. खर्चिक आहेत, मान्य. हूकही बंपरला वेल्डिंगने चिकटवलेला नको, चॅसीला बोल्टने कसलेला हवा. जुन्या गाडीत तिथला गंज आधी खरवडून बघावा.

एवढं करूनही परतीचा हिशेब राहतोच. आसाच्या अर्धा मीटर पुढे असलेली 60 लिटरची पाण्याची टाकी रिकामी झाली की हुकवरून 10 किलो जातात. जाताना पिकअपमध्ये असलेला 25 किलोंचा ओला तंबू ट्रेलरमध्ये, आसाच्या दीड मीटर मागे कोंबला की आणखी साडेबारा. हूक तीन मीटर पुढे असलेल्या ट्रेलरचे 70 चे साडेसत्तेचाळीस होतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे तो घरातला काटा सामानात घ्यावा, तंबूच्या आधी.