टाक्यांचा हिवाळा

गोव्याचा कार्निव्हल ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होण्यापूर्वी आटोपतो. किंग मोमोचं राज्य मंगळवारी संपतं, दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. कलोनला, माइन्झला, व्हेनिसला हाच क्रम. स्वित्झर्लंडमधलं बाझल मात्र त्या बुधवारनंतरच्या सोमवारी जागं होतं. बाकीच्या गावांचे रस्ते झाडून झालेले असतात तेव्हा इथे पहाटे चारला ढोल वाजायला लागतात आणि गुरुवारी पहाटे चारला, बरोबर बहात्तर तासांनी, थांबतात. १५२९ साली हे शहर प्रोटेस्टंट झालं. उपासाचं बंधन गेलं, पण त्याच्या निमित्तानं होणारी फासनाख्त, म्हणजे इथला कार्निव्हल, काही गेली नाही. बाझलकर तिला ‘सर्वांत सुंदर तीन दिवस’ म्हणतात. मला विचाराल तर त्या तीन दिवसांआधीचे तीन महिने जास्त सुंदर असतात, कारण ते शिवणाचे असतात.

ऑक्टोबरच्या अखेरीला इथे जत्रा भरते. १४७१ पासून ती भरत आली आहे. पाळणे उतरवले, भाजलेल्या बदामांचा वास विरला, की हिवाळा खऱ्या अर्थानं घरात येतो. डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. ऱ्हाइनवरचं धुकं दिवसेंदिवस जागचं हलत नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे दिवस जड जातात. फोनवर पुण्याचं ऊन ऐकू येतं आणि खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. अशाच एका हिवाळ्यात मी जिन्यातल्या बाकावर किल्लीची वाट बघत, हातातला रुमाल फुलीच्या टाक्यांनी भरत बसले होते. वरच्या मजल्यावरच्या बाई थांबल्या. सत्तरी ओलांडलेल्या, बोलायला तुटक. त्यांनी रुमाल हातात घेतला आणि उलटा करून मागची बाजू बघितली. मग म्हणाल्या, “गुरुवारी संध्याकाळी येत जा. कात्री घेऊन ये.”

तेव्हापासून आमचा हिवाळा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी जातो. बाईंचे यजमान आणि मुलगे एका क्लीकेत ढोल वाजवतात. क्लीके म्हणजे फासनाख्तीचं मंडळ. प्रत्येकाचे वादक वेगळे, कंदील वेगळा, वेश वेगळे. बाई जन्मभर त्यांचे वेश शिवत आल्या आहेत. काही जुन्या मंडळांत आजही फक्त पुरुष असतात. मुलग्यांच्या हाती ढोलाच्या काठ्या आणि मुलींच्या हाती सुई, ही वाटणी मला पटत नाही आणि बाईंना तर अजिबात नाही. त्यांची नात पिकोलो बासरी वाजवते, आणि तिचा वेश शिवताना बाईंचा हात सर्वांत सावकाश चालतो.

इथला जुना, मानाचा एक वेश आहे. त्याला ब्लेट्सलीबायस म्हणतात. सैल डगला, सैल विजार आणि त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत कापडाच्या जिभांच्या रांगा. प्रत्येक जीभ पुठ्ठ्याच्या मापावर कापायची, वर सरळ आणि खाली गोल. कापड लोकरीचं किंवा फेल्ट असेल तर कडा सुटत नाहीत, नुसतं कापलं की झालं. सुती असेल तर दोन पदर जोडून उलटवून घ्यायचे, म्हणजे काम दुप्पट. सुरुवात तळाच्या घेरापासून. कोकणात घर शाकारताना कौलं वळचणीपासून वर चढवत नेतात, तशाच ह्या रांगा वर चढतात. वरची रांग खालच्या रांगेची शिवण झाकते. जीभ फक्त वरच्या कडेला टाचायची, बाकी मोकळी सोडायची, कारण इथली चाल संथ असते आणि त्या चालीबरोबर अख्खा वेश हलायला हवा. सरळ रांगा मशीनवर होतात. काखेत, गळ्याशी, बाहीच्या वळणावर मशीनचा पाय पोचत नाही. तिथे हातशिवण: मेण फिरवलेला दुहेरी दोरा आणि उलटी टीप.

खरा कस रंगांच्या क्रमात लागतो. बाई कापलेल्या जिभांचे ढीग टेबलावर मांडतात, दिवा मालवतात आणि मेणबत्ती लावतात. वेश पहिल्यांदा रस्त्यावर येणार तो पहाटेच्या काळोखात, कंदिलांच्या उजेडात; म्हणून रंगही तसल्याच उजेडात पारखायचे. पिवळा पांढरट होतो. गर्द निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत. लाल तेवढा तग धरतो. दिवसाउजेडी देखणी वाटलेली जोडी मेणबत्तीपाशी मिटून जाते आणि ढीग पुन्हा हलवावे लागतात. ह्यात एक संध्याकाळ सहज संपते, आणि ती वाया गेली असं कुणालाच वाटत नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्या ढिगांत गुळेदगुडचा खण आहे आणि इरकलीच्या काठाचे उरलेले तुकडेही. खणावरची बारीक नक्षी दिवसा साधी दिसते, पण मेणबत्तीजवळ तिच्यातला रेशमी धागा एकदम उठतो. बाईंनी तो तुकडा पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिला आणि छातीवरच्या रांगेसाठी राखून ठेवला.

आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला नमुन्यांची वही करावी लागायची. चौकोनी मांजरपाटाचे तुकडे, एकेकावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजटाका, हेम, आणि शेवटी बाईंची लाल सही. बाझलच्या ह्या बाईंच्या शाळेतही मुलींना शिवण सक्तीचं होतं आणि त्यांच्याकडे अशीच वही अजून आहे. आम्ही एकमेकींचे टाके बघत बसलो तेव्हा माझं मोडकं जर्मन आणि त्यांची पक्की बाझली बोली ह्यांच्यातली अडचण उरली नाही.

दोऱ्याचं आणि ह्या गावाचं नातं मात्र ह्याहून खोल आहे, आणि ते कळल्यावर मी इथे का आहे हेही मला वेगळ्या रीतीनं कळलं. सोळाव्या शतकात फ्रान्स आणि इटलीतून धर्मासाठी परागंदा झालेली माणसं बाझलला आली. त्यांनी रेशमाचा धंदा आणला. त्यातून रेशमी फितींचा मोठा व्यवसाय उभा राहिला. हॅटवरच्या, झग्यांवरच्या, केसांतल्या फिती. शहरातले मालक कच्चं रेशीम गावोगाव पाठवत, आणि आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या राहत्या खोल्यांत मालकांचेच माग दिवसभर खडखडत. लीस्टालच्या संग्रहालयात तसा माग आहे. एकाच वेळी कितीतरी फिती शेजारी शेजारी विणणारा, अर्धी खोली व्यापणारा. फितींना रंग लागत. आलेक्झांडर क्लावेल हा मूळचा लियाँचा रेशीम रंगारी १८५९ साली इथे फुक्सिन हा गडद गुलाबी कृत्रिम रंग करू लागला. त्याच्या कारखान्यातून पुढे सिबा कंपनी झाली. गायगी आधीपासून रंगांच्या व्यापारात होती, १८८६ साली सँडोझ आली. रंगांच्या रसायनांवरून ह्या कंपन्या औषधांकडे वळल्या. १९२०च्या दशकात फॅशन बदलली, फिती कुणाला नकोशा झाल्या आणि खेड्यांतले माग हळूहळू गप्प झाले. रसायनं मात्र वाढत राहिली. १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली.

मराठी वाचकांना ही नावं परकी नाहीत. गोरेगावला सिबाचं संशोधन केंद्र होतं. ठाण्याला कोलशेत रस्त्यावर सँडोझबाग हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. आज बाझलमध्ये जी मराठी घरं आहेत त्यांतली बरीचशी औषधांच्या नोकरीमुळे आली, आमचंही त्यातलंच. म्हणजे फितीला रंग हवा म्हणून रसायन, रसायनातून औषध, आणि औषधामुळे आम्ही. टेबलावरची फीत कापताना हे मनात आलं की फार बरं वाटतं. आपण ह्या गावात उपरे आलो नाही, एका दोऱ्याच्या मागोमाग आलो.

शिवताना एक पथ्य पाळावं लागतं: विषय बाहेर फुटता कामा नये. मंडळं दरवर्षी एखादी ताजी घटना घेतात आणि तिची टर उडवतात. कंदिलावर तीच चितारायची, वेशात तीच, आणि बोलीत छापलेल्या लांब रंगीत चिठ्ठ्यांवरच्या कवितांतही तीच. सोमवारी आणि बुधवारी दुपारी मिरवणूक निघते, तीत हा विषय घालून चालायचं. पुढच्या वर्षी तो शिळा. इतक्या शिवणाचं आयुष्य दोन दुपारींचं, ह्याचं सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण बाईंच्या हाताला ते माहीत असूनही आतली शिवण कधी कच्ची राहिलेली मी पाहिली नाही.

२०२० साली ह्या विषयांची परीक्षाच झाली. २ मार्चला फासनाख्त सुरू व्हायची होती आणि साथीमुळे २८ फेब्रुवारीला मोठ्या जमावांवर बंदी आली. वेश इस्त्री करून टांगलेले, कंदील रंगवून उभे. २०२१ सालीही उत्सव झाला नाही. तेव्हाचे वेश कपाटात राहिले ते राहिलेच. ब्लेट्सलीबायस तेवढा वाट बघू शकला. त्याला विषय लागत नाही.

मोर्गेश्ट्राइख, म्हणजे सोमवारची ती पहाट, शब्दांत पुरी मावत नाही. तीन वाजल्यापासून गल्ल्या माणसांनी भरतात, पण आवाज फार नसतो. चारचा ठोका पडतो आणि शहरातले रस्त्यावरचे दिवे एका क्षणी जातात. काळोखात हुकूम सुटतो आणि सगळी मंडळं, जिथे असतील तिथून, एकाच चालीवर सुरू होतात. खोल, कोरडे ढोल आणि त्यांच्यावर चिरत जाणाऱ्या बासऱ्या. माणसांहून उंच कंदील आतून उजळलेले, आणि प्रत्येक वादकाच्या डोक्यावर त्याचा छोटा कंदील. नंतर खानावळींत भाजलेल्या पिठाचं तपकिरी, दाट सूप मिळतं. थंडीनं आखडलेल्या बोटांना तो वाडगाच आधी हवासा वाटतो.

ह्या उत्सवात चेहरा दिसत नाही. लार्वे, म्हणजे सगळं डोकं झाकणारा मुखवटा, रस्त्यात उतरवायचा नाही. कोण श्रीमंत, कोण बँकेतला साहेब, कोण ट्रॅम चालवणारा, काही कळत नाही. परदेशात राहताना चेहरा आपल्याआधी बोलतो. कुठून आलात, किती दिवस राहणार, हे प्रश्न त्यालाच विचारले जातात. मंगळवारी मोठ्या मंडळांना सुट्टी असते. ज्याला जे आवडेल ते घालून लोक छोट्या गटांनी मागच्या गल्ल्यांतून हिंडतात. बाईंची नात आणि तिच्या मैत्रिणी बासऱ्या वाजवतात आणि त्यांच्यापुढे काठीवरचा कंदील धरून मी चालते. मला कुणी काही विचारत नाही. लोक खांद्याकडे बघतात, बाहीकडे बघतात, रांगा कशा वळवल्या आहेत ते बघतात. एकदा गल्लीच्या तोंडाशी एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या बाहीवरची खणाची जीभ दोन बोटांत धरली, उलटी करून शिवण पाहिली आणि मान हलवून वाट दिली. मिळालेल्या शाबासक्यांत ती मला सर्वांत मोठी वाटते.

२०१७ साली युनेस्कोनं बाझलच्या फासनाख्तीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. योग्यच झालं. पण त्या वारशाचा मोठा भाग ढोलाइतकाच सुईनं धरून ठेवलेला आहे आणि तो मिरवणुकीत ओरडून सांगत नाही. म्हणून तो मुद्दाम बघावा लागतो.

तुम्ही कधी आलात तर एवढं करा. त्या वर्षीचा बिल्ला विकत घ्या आणि कोटावर लावा. तांब्याचा, चांदीचा, सोन्याचा, ऐपतीप्रमाणे. त्या पैशांतूनच मंडळांना मदत होते, आणि ही पद्धत १९११ पासून चालू आहे. तोंड रंगवू नका, टोप्या-मुखवटे घालू नका. प्रेक्षकानं नटायची इथे रीत नाही. पहाटे फ्लॅश मारू नका. एकाच रंगाची कागदी टिकली उधळली जाते ती चालते, रंग मिसळलेली नाही, कारण ती जमिनीवरून उचललेली समजतात. मंगळवारी कॅथीड्रलच्या चौकात सगळे कंदील मांडलेले असतात, ते जवळून बघा. आणि मंडळ पुढे निघून गेलं की लगेच दुसऱ्याकडे वळू नका. पाठीवरच्या रांगा बघा, हातशिवण तिथे जास्त सापडते. २०२७ साली मोर्गेश्ट्राइख १५ फेब्रुवारीला आहे, सोमवारी, पहाटे चार वाजता. त्या रात्री बाझलला येणाऱ्या जादा गाड्या सोडतात.