वर्ण आणि कस

गेल्या दिवाळीस धाकट्या सूनबाईंसाठीं पाटल्या घडविल्या. थोरल्या सूनबाईंच्या पाटल्या पिवळ्याधमक, ह्या तांबूस! घरांत कुजबूज सुरू झाली, आणि आम्हींही चारचौघांत सोनाराच्या सचोटीविषयीं शंका बोलून दाखविली.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या दुकानीं गेलों. त्यानें मुकाट्यानें दोन्ही पाटल्यांच्या रेघा कसोटीवर ओढून तेजाब लाविलें. दोन्ही सारख्याच टिकल्या. सोनें २२ कॅरटचेंच. म्हणजे हजारांत ९१६ भाग सोनें. रंगाची सारी करामत उरलेल्या ८४ भागांत! तेथें तांबें अधिक पडलें कीं लाली चढते, रुपें अधिक पडलें कीं रंग फिका पिवळा होतो. इंग्रजी गिनी तांबूस दिसे ती मिसळीच्या तांब्यामुळेंच. १८ कॅरटांत तर मिसळीस २५० भाग मोकळे. म्हणून नुसत्या तांब्यानें गुलाबी, नुसत्या रुप्यानें हिरवट, आणि पॅलेडियमनें पांढरें सोनेंही होतें.

‘सु-वर्ण’ ही फोड आम्हीं जन्मभर मुलांस शिकविली; परंतु वर्णावरून कस ठरत नाहीं, हें सोनारानें शिकविलें. सोनारानेंच कान टोचावे म्हणतात; आमचे उतारवयांत टोचले गेले. त्याची क्षमा मागितली, आणि ज्या चारचौघांत बोललों होतों, त्यांच्यापाशींही चूक कबूल केली.