विजयदुर्गाचे ग्रहण: हिवाळ्यातील एक सागरी वाट

रत्नागिरीच्या दक्षिणेस भाट्याची खाडी ओलांडली की सागरी मार्ग पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे आणि नाटे या गावांवरून जैतापूरकडे जातो, आणि तेथील खाडीवरचा पूल मागे टाकून वाघोटन नदीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्गास पोहोचतो. या पट्ट्यात जांभ्याचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे सपाट माळ, थेट समुद्रात तुटलेले असल्यामुळे रस्ता सतत सड्यावर चढतो आणि पुन्हा खाडीकाठच्या माडाबागांत उतरतो. गाडीतील मुलांना त्या वळणांचा त्रास होतो, वडीलधाऱ्यांना वारंवार थांबावे लागते. पण पौष-माघात या किनाऱ्यावरची हवा इतकी स्वच्छ असते, आणि देवगड तालुक्यातील हापूसच्या बागा मोहोराने अशा भरलेल्या असतात, की प्रवास लांबल्याची खंत कोणालाच वाटत नाही.

आजीआजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत तीन पिढ्यांचे एखादे कुटुंब या वाटेला लागते तेव्हा निमित्त बहुधा एका वाक्याचे असते: हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. हे वाक्य कोकणात इतक्या वेळा ऐकू येते की मुले ते पाठ्यपुस्तकातले सत्य समजून सांगतात. त्यामुळे गणपतीपुळे व आरे-वारे ही ठिकाणे, ज्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आहेत, या प्रवासात धावती पाहिली जातात. कशेळीच्या सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती मात्र थांबायला लावतो. कोकणातील अशा कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. ती कोणी आणि कशासाठी कोरली, याविषयी अभ्यासकांत अजून एकमत नाही.

मुक्कामाची व्यवस्था हा या वाटेचा दुबळा भाग आहे. समुद्र दिसेल अशी हमी दिलेल्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या गोठ्याचे पत्रे दिसतात, आणि पहाटेच्या गारव्यात परसातल्या चुलीवरचा हंडा तापेपर्यंत सगळ्या घराने रांगेत बसायचे असते. उकड्या तांदळाची गरम पेज पुढे आली म्हणजे तक्रारीचा सूर खाली येतो, एवढेच.

विजयदुर्ग, ज्याला पूर्वी घेरिया म्हणत, शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असे मानले जाते. सतराव्या शतकात तो आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. तिहेरी तटबंदीवरून फिरताना वाटाडे ही शेवटची गोष्ट घाईने उरकतात आणि प्रवाशांना 'साहेबाच्या कट्ट्यां'कडे नेतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच दगडी चौथऱ्यांवर दुर्बीण ठेवून हेलियम शोधला, असे तेथे सांगितले जाते. काही स्थानिक इतिहासलेखकांनीही हाच मजकूर पुढे चालवला आहे.

या कथनाला पहिली हरकत ऋतूची आहे. १८ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. घाटापलीकडच्या जमखिंडीत त्या दिवशी निरीक्षणास बसलेल्या लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनाही ढगांनी छळले, मग कोकणच्या किनाऱ्याची अवस्था काय असणार? दुसरी हरकत अधिक बळकट आहे: लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हतेच. या शोधाच्या संदर्भात लॉकियर यांच्यासोबत ज्यांचे नाव घेतले जाते, ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ग्रहणकाळी आंध्रातील गुंटूर येथे होते. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये, ग्रहणाविना, वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून, सूर्याच्या कडेवरील ज्वाला तपासल्या. तेथे दिसलेली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती, आणि तीच पुढे नव्या मूलद्रव्याची खूण ठरली.

मग कट्टे कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर हिवाळ्यातच सापडते. २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी पुन्हा खग्रास ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली, आणि त्या वेळी सर नॉर्मन लॉकियर खरोखर विजयदुर्गास आले होते. ब्रिटिश नौदलाच्या मेल्पोमिनी जहाजावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास काळात वर्णपटाची छायाचित्रे घेण्यासाठी मोठी यंत्रे उभारण्यात आली. त्याच दिवशी सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला निरीक्षण करीत होते. पण तोपर्यंत विल्यम रॅमझी यांनी पृथ्वीवरच हेलियम मिळवून जवळपास तीन वर्षे झाली होती.

गावाची आठवण म्हणूनच खोटी ठरत नाही. साहेब आला, यंत्रे मांडली, सूर्य झाकला गेला, हे सारे घडले; फक्त तीस वर्षांचे अंतर गळून दोन ग्रहणे एक झाली. हेलियम दिन म्हणून १८ ऑगस्ट पाळण्यालाही आधार आहे, कारण त्या ग्रहणाची छाया विजयदुर्गावरूनही गेली होती. परंतु शोधाचे श्रेय त्या तटाला देता येत नाही. एका प्रख्यात खगोलशास्त्रज्ञाने भर दुपारच्या अंधारात येथे काम केले, ही ओळख या किल्ल्याला पुरेशी आहे. इतिहासप्रेमी संस्थांनी आणि ग्रामस्थांनी मिळून कट्ट्यांपाशी २२ जानेवारी १८९८ ही तारीख कोरून घ्यावी, आणि ज्यांना हा किनारा मुलांना दाखवायचा आहे त्यांनी जानेवारीतच निघावे.