हप्ता कोणी ठरवायचा?

महिन्याचा जमाखर्च लिहा, आधी बचत बाजूला काढा, उरलेल्यात घर चालवा, हा सल्ला ऐकला की मला 2025चा जानेवारी आठवतो आणि आजही राग येतो. मायक्रोफायनान्सवाल्यांच्या वसुलीला घाबरून म्हैसूर जिल्ह्याच्या नंजनगूड तालुक्यातली आणि शेजारच्या चामराजनगरातली काही कुटुंबं घराला कुलूप लावून गाव सोडून गेली, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. त्यावरचा सुशिक्षित शेरा ठरलेला: ऐपत नव्हती तर कर्ज घेतलंच कशाला? पुढे कर्नाटक सरकारनं अध्यादेश काढला, राज्यपालांनी तो एकदा परत पाठवला आणि 12 फेब्रुवारीला त्यावर सही केली. जबरदस्तीच्या वसुलीला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड, एवढी कडक शिक्षा त्यात होती.

पण ऐपत पाहायची जबाबदारी मुळात कोणाची? रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमांप्रमाणे 3 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स. त्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, आणि हे तपासायचं कर्ज देणाऱ्यानं. पतअहवाल त्याच्याच समोर असतो. तरीही एकाच घरावर तीन-चार कर्जं चढतात, ती डोळेझाक केल्याशिवाय चढतील का? मजुरी करणाऱ्या बाईला या आठवड्यात काम असतं, पुढच्या आठवड्यात नसतं. हप्त्याचा वार मात्र चुकत नाही. तिनं वही लिहिली तर तूट नीट दिसेल, भरून निघणार नाही. मग पहिल्याचा हप्ता फेडायला ती दुसरं कर्ज काढते. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यानं ठरलेल्या तारखेला पगार न येणारा एक महिना काढून बघावा.

विशेष म्हणजे यावरचा उपाय याच राज्यात सापडला होता. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी 1968 साली सुरू झालेल्या मायराडा या संस्थेच्या नावातच म्हैसूर आहे. 1980च्या दशकाच्या मध्यात तिनं उभ्या केलेल्या मोठ्या सहकारी सोसायट्या मोडू लागल्या, तेव्हा काही सभासद म्हणाले, पैसे तुम्हाला फेडतो, सोसायटीला नाही. संस्थेनं सुचवलं, मग तुमच्याच गटाला फेडा. तिथून पंधरा-वीस जणांचे, एकमेकांवर भरवसा असलेले बचत गट वाढले. 1987 मध्ये नाबार्डनं 10 लाखांची मदत दिली आणि 1992 पासून गट बँकांना जोडले गेले. इथे आधी स्वतःची बचत, कोणाला किती द्यायचं आणि हप्ता केवढा हे बायका ठरवणार, अंतर्गत कर्जाचं व्याज गटातच राहणार. मायक्रोफायनान्सचाही 'गट' असतो, पण त्याचं मुख्य काम जामिनाचं: एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा. माझ्या मते पैशावरचा ताबा म्हणजे हप्ता ठरवण्याचा अधिकार, आणि तो एकट्या घराच्या हाती क्वचितच येतो.

कायदा कडक केला तर कर्ज देणारे पळतील आणि सावकार परततील, हा आक्षेप खोटा नाही. आंध्र प्रदेशात 2010च्या अध्यादेशानंतर वसुली कोसळली आणि नवी कर्जंही आटली. बचत गटांतही सगळ्यात गरीब बाई बऱ्याचदा बाहेर राहते, बँक उशीर लावते आणि आजारपण तोवर थांबत नाही. म्हणून गट असला की झालं, असं मी म्हणणार नाही. आणि ज्या वहीवर एवढा राग काढला, तीही हवीच, फक्त खर्चाच्या आधी कर्जांची: कोणाचं, किती व्याजानं, विम्याचे किती कापले. कर्जाचं कार्ड आपल्याला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं, मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही आणि पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मागता येतो. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज तर नाही ना, हे त्यात आधी पाहावं.