यजमानाला प्रतिनिधि नाहीं

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणांत एक रबरी शिक्का पडून आहे. त्याची शाई बहुतेक वाळून गेली आहे. लांकडी मूठ मात्र बारा वर्षांच्या वापरानें गुळगुळीत झालेली आहे. परवां माझ्या नातीनें तो शोधून काढला, थोडें पाणी लावून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उमटविला, आणि पुसट उठलेलीं इंग्रजी अक्षरें एकेक लावून वाचलीं : 'मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह'. मग तिनें मला विचारलें, "आजोबा, म्हणजे तुम्ही कुणाचे प्रतिनिधि होतां?"

मीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. पण हाच प्रश्न पूर्वीं एकदां मला विचारण्यांत आला होता. त्या वेळींही मीं उत्तर दिलें नव्हतें, आणि त्याची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत मी माल तपासण्याचें काम करीत असें. साठ-पासष्ट माणसें, कांहीं लेथ, दोन-तीन ग्राइंडिंगचीं यंत्रें, आणि मोटारींच्या भागांना लागणाऱ्या पोलादी पिना हा आमचा मुख्य माल. ज्या मोठ्या कारखान्याला आम्ही या पिना पुरवीत होतों, त्यानें एके दिवशीं आमच्या मालकांना कळविलें कीं, यापुढें काम हवें असेल तर आयएसओ ९००१ चें प्रमाणपत्र मिळवा. अशीं प्रमाणपत्रें आतां वसाहतींत जागोजागीं टांगलेलीं दिसतात. पण त्यांचा अर्थ काय, याविषयीं पुष्कळ सुशिक्षितांचाही गैरसमज असतो. पीन किती उत्तम असावी हें तें मानक सांगत नाहीं. पीन करणाऱ्या घराची शिस्त कशी असावी, एवढेंच तें सांगतें. १९४७ सालीं स्थापन झालेल्या आणि जिनिव्हा येथें कार्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें तें प्रथम १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. १९७९ चें एक ब्रिटिश मानक त्याच्या मुळाशीं होतें. पुढें १९९४ सालीं आणि पुन्हां २००० सालीं त्यांत फेरफार झाले. आमच्या हातीं आली ती २००० सालची आवृत्ति. पंचांगापेक्षांही सडपातळ असें तें पुस्तक होतें.

पण पंचांगाप्रमाणेंच तें वाचायला जोशी लागतो. त्यांतील एकेक क्रियापद तोलून-मापून घातलेलें आहे. इंग्रजींतील 'शॅल' आला कीं बंधन, 'शुड' आला कीं केवळ शिफारस, 'मे' आला कीं मुभा. माझे वडील वाईस एका शाळेंत संस्कृत शिकवीत असत. निवृत्तीनंतर त्यांचा सारा वेळ मीमांसेंत जाई. वाईच्याच प्राज्ञपाठशाळेंतील केवलानंद सरस्वतींनीं सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाचे खंड त्यांच्या उशाशीं असत. एका रविवारीं मीं त्यांना हें पुस्तक दाखविलें आणि क्रियापदांचा भेद सांगितला. त्यांना मोठा आनंद झाला. "अरे, हा तर सरळ विधि आहे!" ते म्हणाले. "वाक्यांत आज्ञा कोणती आणि नुसती स्तुति कोणती, आज्ञा कोणाला आणि कशासाठीं, हेंच तर आमचे मीमांसक दोन हजार वर्षें घोळीत बसले आहेत. तुमच्या या पुस्तकाचे भाष्यकार कोण?"

"दरसाल ऑडिटर येतात, तेच," मी म्हणालों.

त्या पुस्तकांतील एका कलमानें माझें नशीब ठरविलें. वरिष्ठ व्यवस्थापनानें व्यवस्थापनांतीलच एका माणसाला प्रतिनिधि नेमावें, आणि त्याच्यावर इतर जबाबदाऱ्या कोणत्याही असोत, तीन गोष्टींचा भार व अधिकार त्याला द्यावा, असें तें कलम होतें : गुणवत्तेची व्यवस्था उभारून ती चालू ठेवणें, ती कशी चालली आहे व कोठें सुधारायला हवी हें वरिष्ठांना कळविणें, आणि ग्राहकाची अपेक्षा काय आहे याची जाणीव साऱ्या कारखान्यांत पसरविणें. मालकांनीं माझ्याकडे बोट दाखविलें. हा शिक्का त्याच आठवड्यांत करून आला. मराठी माणसाला प्रतिनिधि म्हटलें कीं औंधचे पंतप्रतिनिधि आठवतात. राजाराममहाराजांनीं जिंजीस असतांना प्रह्लाद निराजींसाठीं निर्माण केलेलें तें पद अष्टप्रधानांच्याही वरचें होतें. कारखान्यांत मला सगळे 'पंत' म्हणूं लागले. मला तें आवडत होतें, हें कबूल केलें पाहिजे.

२००४ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट. पिनांचा व्यास तपासण्यासाठीं स्नॅप गेज नांवाचें एक साधें साधन असतें. त्याला दोन फटी असतात. पहिल्या फटींतून पीन गेलीच पाहिजे, दुसरींतून जातां कामा नये. रोज शेंकडों पिना जाऊन जाऊन पहिली फट झिजते, रुंद होते, आणि मग जी जाड पीन अडायला हवी तीही तिच्यांतून सहज निघून जाते. म्हणून ठराविक मुदतीनें गेज प्रयोगशाळेंत पाठवून तपासून घ्यावें लागतें. त्या वर्षीं आमचें एक गेज परत आलें तें असा शेरा घेऊन कीं, फट मर्यादेबाहेर झिजली आहे. म्हणजे मागच्या तपासणीपासून त्या गेजानें पास केलेल्या साऱ्या पिना संशयास्पद झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा ग्राहकाकडे रवाना झाल्या होत्या. कांहीं पेट्या अद्याप आमच्याच गुदामांत होत्या.

अशा प्रसंगीं काय करावें हें मानकांत स्पष्ट आहे. पूर्वींचीं मापें कितपत ग्राह्य धरावयाचीं याचा विचार करून त्याची नोंद ठेवावी, आणि तें साधन व ज्या मालावर परिणाम झाला असेल तो माल, या दोहोंबाबत योग्य ती कारवाई करावी. मीं तें पान उघडून मालकांपुढें ठेवलें. त्यांनीं तें लक्षपूर्वक वाचलें. माणूस वाईट नव्हता. बँकेचा हप्ता, थकलेलीं बिलें, आणि माल परत पाठवा असें ग्राहकाला कळविलें तर पुढची ऑर्डर जाईल ही भीति, हें सारें त्यांच्या डोळ्यांपुढें उभें होतें.

"योग्य ती कारवाई ना?" ते म्हणाले. "गेज मोडींत काढा, नवें आणा. झाली योग्य कारवाई."

"आणि माल?"

"मालाबद्दल कुणाची तक्रार आहे का? तक्रार नाहीं म्हणजे परिणाम नाहीं." मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "पंत, तुम्ही माझे प्रतिनिधि कीं त्या पुस्तकाचे?"

मीं उत्तर दिलें नाहीं. संध्याकाळीं नोंदवहींत लिहिलें : 'गुदामांतील माल नव्या गेजानें तपासला. दोष आढळला नाहीं. पाठविलेल्या मालाबाबत कारवाईची आवश्यकता नाहीं.' खालीं सही केली आणि हा शिक्का मारला. एकही पेटी मीं उघडली नव्हती.

तीन आठवड्यांनीं माल परत आला. जोडणीच्या वेळीं पिना बुशांत बसत नव्हत्या. ग्राहकाला लेखी कारण हवें होतें, आणि कारण शोधण्यासाठीं कागद निघाले. कागदांत गेजाचा विषय मिटलेला होता. माझ्या सहीनें मिटलेला होता. मग उरलें कोण? त्या यंत्रावर एक वयस्क कामगार होते; सगळे त्यांना मामा म्हणत. 'कामगाराच्या हलगर्जीपणामुळें' असें उत्तर ग्राहकाला गेलें. मामांना यंत्रावरून काढून पेट्या उचलण्याच्या कामावर घातलें, आणि दिवाळीच्या आधींच ते काम सोडून निघून गेले. ज्या गेजानें त्यांनीं प्रत्येक पीन तपासली होती, तें गेज त्यांच्या हातीं आम्हींच दिलें होतें. पुढें ऑडिटर आले. त्यांना दाखविले तेवढे कागद त्यांनीं पाहिले, नोंदींच्या टापटिपीची तारीफ केली, आणि आमचें प्रमाणपत्र चालू राहिलें.

वाईस गेलों तेव्हां मीं वडिलांना सारें सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जैमिनींच्या सहाव्या अध्यायांत प्रतिनिधीचाच विचार आहे. यज्ञाला व्रीहि मिळाले नाहींत तर रानांतला नीवार चालतो. सोम मिळाला नाहीं तर पूतीक चालतो. द्रव्याला प्रतिनिधि आहे. पण यजमानाला प्रतिनिधि नाहीं. कारण फळ त्याचें आहे. ज्याला फळ हवें, त्याच्या जागीं दुसरा उभा करतां येत नाहीं." ते आणखीही कांहीं सांगत होते, पण मला हवें होतें तें मिळालें होतें.

परततांना एसटींत मीं सुटकेचा निःश्वास टाकला. प्रमाणपत्राचें फळ मालकांचें, तेव्हां दोषही मालकांचा. मी आपला मुतालिक. या समजुतीवर मीं पुढचीं दहा-अकरा वर्षें काढलीं. वसाहतींत माझ्यासारखे प्रतिनिधि आणखीही होते, आणि चहाच्या टपरीवर आम्ही एकमेकांचीं दुःखें सांगत असूं. ऑडिटच्या आदल्या रात्रीं जागून तीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकींत लिहिणें, जी आढावा-सभा भरलीच नाहीं तिचें इतिवृत्त तयार करणें, असल्या कामांत आमचा हात बसून गेला होता. गुणवत्तेची काळजी वाहायला एक माणूस नेमला कीं बाकीच्यांची काळजी संपते, हा त्या पदाचा अनुभव होता. भटजी आंत पूजा सांगत असावेत आणि यजमानानें ओसरीवर गिऱ्हाइकाशीं भाव करीत बसावें, तशांतला हा प्रकार.

सप्टेंबर २०१५ मध्यें मानकाची नवी आवृत्ति निघाली. तींत प्रतिनिधीचें कलमच नव्हतें. त्याचीं कामें राहिलीं होतीं. पण तीं कोणीं करावयाचीं हें वरिष्ठ व्यवस्थापनानें ठरवावें, आणि सारी व्यवस्था फळाला येते कीं नाहीं याचें उत्तरदायित्व मात्र वरिष्ठांनींच घ्यावें, असें आतां लिहिलें होतें. कोणी आपल्या कारखान्यांत तें पद ठेवूं म्हणेल तर त्याला मनाई नव्हती. परंतु त्याच्याआड उभें राहण्याची सोय उरली नव्हती. "पंत, तुमचें पद गेलें!" मालक हंसत म्हणाले. मीही हंसलों. मला खरोखरच आनंद झाला होता. जैमिनींचें म्हणणें शेवटीं जिनिव्हास पोंचलें, असें वाटलें. हें ऐकायला वडील हवे होते. ते जाऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं.

हा आनंद फार दिवस टिकला नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत वाईचें घर आवरतांना वडिलांच्या टिपणांची एक वही हातीं लागली. प्रतिनिधीच्या अधिकरणावर त्यांनीं आपल्या बारीक अक्षरांत लिहून ठेवलें होतें कीं, देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांनाही प्रतिनिधि नाहीं. त्यांपैकीं 'क्रिया' या शब्दाखालीं दोन रेघा ओढलेल्या होत्या. त्या रविवारीं मीं ऐकायचें थांबविल्यावर ते जें सांगत होते तें हेंच असलें पाहिजे. जें कर्म करावयाचें तेंच केलें पाहिजे. त्याच्या जागीं दुसरें करून भागत नाहीं. पेट्या उघडून पिना मोजणें ही क्रिया होती. मीं तिच्या जागीं एक वाक्य ठेवलें होतें.

मालकांनीं मानकांतील 'साधन' हा शब्द उचलला आणि 'माल' हा शब्द सोडला, याचा मला इतकीं वर्षें राग होता. मीं वडिलांच्या वाक्यांतला 'यजमान' उचलला होता आणि 'क्रिया' सोडली होती. अर्थ लावतांना आम्हीं दोघांनीं एकच रीत वापरली होती. मला कमीत कमी कारण तरी नव्हतें. माझ्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता.

कारखान्यांत परत आल्यावर ती जुनी नोंद दुरुस्त करावी म्हणून मीं शोधूं लागलों. पण नोंदी किती वर्षें जपावयाच्या याचाही नियम आम्हींच केलेला होता, आणि तो नियम मात्र कसोशीनें पाळला गेला होता. ती वही रद्दींत जाऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं.

मामा भेटले ते २०१८ सालीं, मी निवृत्त होण्याच्या सुमारास. वसाहतीच्या तोंडाशीं असलेल्या टपरीवर ते बसले होते. आतां एका गुदामावर रात्रीची राखण करीत होते. मीं त्यांच्यापुढें चहा ठेवला आणि सगळें सांगितलें : गेज, नोंद, सही, शिक्का. त्यांनीं बशींतला चहा सावकाश संपविला.

"मला तें गेज हाताला सैल लागत होतंच, साहेब," ते म्हणाले. "पीन आपसूक सुटायची. तुमच्या कानांवर घालावं, असं दोन-चार दिवस मनांत घोळत होतं."

"मग घातलें कां नाहीं?"

"तुम्ही पडलां मालकांचे माणूस."

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. कारखान्यांत सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट त्यांनीं मला सांगितली, इतकेंच.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप द्यावयाचें राहिलें आहे. मामांनीं दिलें तेंच तिला सांगावें, असें मनांत आहे. पण त्यासाठीं मामा कोण होते, हें तिला आधीं सांगावें लागेल.